म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याची वाटी मोडली तर काय करायचं

आत्या पडली ती श्रावणात, खानापूरकडच्या आमच्या घरी, न्हाणीतून बाहेर येताना. खाली शाबादी फरशी, त्यावर पावसाळ्याची ओल, आणि उजव्या कुशीवर धप्पकन. वय ७६. कुठं लागलं विचारलं तर म्हणाली, "गुडघ्यात दुखूलंय रे." म्हणून जवळच्या दवाखान्यात गुडघ्याचा एक्स-रे काढला. तो चांगला निघाला. दुखण्याच्या गोळ्या घेऊन घरी आलो आणि चार दिवस तिला दोघांनी बगलेत धरून संडासला नेत राहिलो. पाचव्या दिवशी बेळगावात कमरेचा एक्स-रे आणि मग सीटी स्कॅन झाला, तेव्हा कळलं की खुब्याच्या सांध्याची वाटी मोडली होती. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

मी डॉक्टर नाही. पण त्या तीन महिन्यांत जे विचारून, चुकून आणि पुन्हा विचारून कळलं, ते क्रमाने लिहितो. औषधांची मात्रा मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची.

मोडतं नेमकं काय

शाळेत 'उखळीचा सांधा' शिकलेला आठवत असेल. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा म्हणजे मुसळाचं टोक, आणि कमरेच्या हाडातला खोलगट खळगा म्हणजे उखळ. डॉक्टर या उखळीला वाटी, सॉकेट किंवा ॲसिटॅब्युलम म्हणतात. गावात "खुबा मोडला" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा मुसळ मोडलेलं असतं, म्हणजे गोळ्याखालची मान किंवा तिच्या खालचा भाग. उखळ मोडणं त्यामानाने कमी. तरुणांमध्ये ती मोडते हायवेवरच्या अपघातात. म्हाताऱ्या माणसाला मात्र उभ्या उभ्या कुशीवर पडणं पुरतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूचं टेंगूळ जमिनीवर आपटतं, तो धक्का सरळ गोळ्यात जातो आणि ठिसूळ झालेल्या वाटीची आतली पातळ भिंत फुटते. कधी गोळाच आत ओटीपोटाच्या दिशेने सरकतो.

हा फरक आधीच डोक्यात पक्का करा. कारण भेटायला येणारा प्रत्येक जण सांगणार, "आमच्या काकूंचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी चालवलं. तुमच्यात एवढा उशीर का?" काकूंचं मुसळ मोडलं होतं. तिथे एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून लगेच उभं करतात, आणि तेच बरोबर. वाटीचं वेळापत्रक वेगळं, ऑपरेशन वेगळं आणि पायावर भार देण्याचे नियमही वेगळे.

पडल्यानंतरचा पहिला तास

उचलून उभं करायची घाई करू नका. आधी जिथे आहे तिथेच विचारा: डोक्याला लागलं का, पडण्याआधी चक्कर आली का, छातीत दुखलं का, बोलणं अडखळतंय का. मधुमेह असेल तर साखर तपासा. पाय घसरला म्हणून पडलेलं माणूस आणि चक्कर येऊन पडलेलं माणूस यांच्या तपासण्या वेगळ्या असतात, आणि हॉस्पिटलात पहिला प्रश्न हाच येतो.

मुसळ मोडलं तर पाय बहुधा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तिथेच फसगत होते. वाटी मोडल्यावर पाय दिसायला अगदी सरळ असू शकतो. काही जण तर लंगडत चार पावलं चालतातही. खूण शोधायची ती जांघेत. पाय किंचित आत-बाहेर फिरवताना जांघेत कळ आली किंवा पायावर भार देताच माणूस कळवळलं, तर मोडलंच आहे असं धरून चाला.

तेल चोळू नका, पाय ओढू नका. आमच्या भागात कन्नडमधले 'नाटी वैद्य' आणि मराठीतले हाडवैद्य यांच्यावर अजून भरवसा आहे. मनगट-घोट्याच्या बाबतीत वाद घालत बसणार नाही. पण वाटी कमरेच्या आत खोल असते, ती बाहेरून ओढून बसत नाही. तिच्या शेजारून मोठ्या रक्तवाहिन्या आणि पायाला जाणारी जाड नस जाते. तिथे ओढाताण नको म्हणजे नको.

१०८ ला फोन करा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवून पाय सैलसर बांधा. उचलायचं तर चौघांनी, जाड चादर किंवा सतरंजी खाली सरकवून. गाडी मिळेना म्हणून ओमनीच्या सीटवर बसवून नेऊ नका, खुबा दुमडून बसणं हीच सगळ्यात वाईट स्थिती. ट्रॅक्स असेल तर मागच्या भागात फळी टाकून आडवं न्या. पोटभर खायला घालू नका, शेवटचं कधी खाल्लं ते लिहून ठेवा. आणि चालू गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी बरोबर घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते दारातच सांगा.

हॉस्पिटलात काय मागायचं

"एक्स-रेत काही नाही" हे ऐकून परत फिरू नका. मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं या एका वाक्यात आलं. एक्स-रे कशाचा काढला ते विचारा. दोन्ही खुबे दिसतील असा संपूर्ण कमरेचा एक्स-रे हवा. वाटीची शंका असेल तर ४५ अंशांत तिरके आणखी दोन काढतात. त्यांना 'ज्युडे व्ह्यू' म्हणतात. ज्युडे आणि लेटूर्नेल या फ्रेंच डॉक्टरांनी १९६४ मध्ये या मोडण्याचे प्रकार लावून दिले, आणि डॉक्टर आजही तीच नावं वापरतात. नाजूक भेग मात्र साध्या एक्स-रेत लपते. माणसाला उभं राहता येत नाही आणि एक्स-रे चांगला आहे, अशी गोष्ट असेल तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करायचाच. ऑपरेशन ठरवायला तर सीटी लागतोच.

रिपोर्टवर 'अँटिरियर कॉलम' म्हणजे वाटीचा पुढचा खांब, 'क्वाड्रिलॅटरल प्लेट' म्हणजे आतली पातळ भिंत. कधी 'गल साइन' लिहिलेलं असतं. वाटीचं छत दाबलं गेलं की एक्स-रेवर पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी रेघ दिसते, तिला हे नाव. ते दिसलं तर नुसती धातूची प्लेट लावून काम टिकेल का, हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणी विचारा.

याशिवाय दोन गोष्टींवर स्वतः नजर ठेवा. पहिली, पाऊल आणि अंगठा वर उचलता येतो का. येत नसेल तर नसेला मार लागलेला असू शकतो. दुसरी, हिमोग्लोबिन. रक्तस्राव आतल्या आत होतो, बाहेर काही दिसत नाही, म्हणून पहिल्या दिवशी ११ असलेलं दुसऱ्या दिवशी ८ वर येऊ शकतं. एकदा तपासलं म्हणून निर्धास्त राहू नका. लघवी अडली आहे का तेही विचारा. म्हातारी माणसं लाजेपायी सांगत नाहीत.

एक्स-रेच्या फिल्म आणि सीटीची सीडी मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची वेळ येतेच. व्हॉट्सॲपवर मोबाइलने काढलेल्या फोटोवरून कुणी नीट मत देऊ शकत नाही.

ऑपरेशन करायचं की नाही, आणि कधी

गोळा वाटीतून निखळला असेल तर तो काही तासांत जागेवर बसवावा लागतो, तिथे थांबणं नाही. ते सोडलं तर वाटीचं ऑपरेशन सहसा त्याच रात्री करत नाहीत. रक्तस्राव थांबायला हवा, हृदय-किडनीची तपासणी व्हायला हवी, सीटी पाहून बेत आखायला हवा. साधारण पाच ते दहा दिवस हा बरा काळ. दोन आठवड्यांपलीकडे काम अवघड होत जातं आणि तीन आठवड्यांनंतर हाड वेडंवाकडं जुळू लागतं. म्हणजे घाई नाही, पण वेळ घालवायलाही जागा नाही. आमचे चार दिवस असेच वाया गेले होते, म्हणून हे ठासून लिहितोय.

पर्याय ढोबळमानाने चार. हाड फारसं सरकलेलं नसेल, किंवा गोळा वाटीच्या छताखाली नीट बसलेला असेल, किंवा माणूस भूल सोसण्याच्या स्थितीत नसेल, तर ऑपरेशनशिवाय. दुसरा, बारीक छेदांतून नुसते स्क्रू. तिसरा, उघडून प्लेट-स्क्रू. चौथा, प्लेट आणि कृत्रिम सांधा एकाच वेळी. हा चौथा पर्याय अलीकडे म्हाताऱ्या माणसांत जास्त निवडला जातो, कारण वाटीचं छत चुरडलेलं असेल तर नुसती प्लेट लावूनही सांधा पुढे झिजतो आणि दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. शिवाय अनेकदा लवकर भार देता येतो. उलट बाजू अशी की ऑपरेशन मोठं, रक्त जास्त जातं आणि कृत्रिम सांधा निखळण्याचा धोका असतो. पुढे अनेक वर्षं जगणाऱ्या तरुणाचा हिशेब वेगळा. ७५ च्या पुढच्या माणसासाठी मी सरळ विचारीन: "एकाच ऑपरेशनमध्ये काम होईल का?"

ऑपरेशन नको ठरलं तर त्याचा अर्थ "दोन महिने अंथरुणावर" असा नाही. पूर्वी पायाला वजन लावून सहा-आठ आठवडे झोपवायचे. काही दिवस गोळा जागेवर राहावा म्हणून वजन लावणं वेगळं. पण म्हाताऱ्या माणसाला तसं महिना-दोन महिने ठेवलं तर पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या ठरलेल्या. हाडापेक्षा अंथरूणच जास्त माणसं घेऊन जातं. दुखणं आवरलं की बसवणं आणि वॉकरवर उभं करणं हे ऑपरेशनशिवायच्या उपचाराचाच भाग आहे.

सर्जनला एक प्रश्न विचारायला संकोच करू नका: वाटीची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? खुब्याचा गोळा बदलणारे डॉक्टर तालुक्यालाही मिळतात, वाटीचं काम करणारे कमी. चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागवत नाही. उलट "अमुक ठिकाणी जा" म्हणून चिठ्ठी देतो. आमच्याकडे हा रस्ता कुठल्या गावातून निघता त्यावर ठरतो. खानापूरकराला बेळगाव पंचवीसेक किलोमीटर. निपाणीकराला कोल्हापूर जवळ, अथणी-कागवाडकडच्यांचा ओढा मिरजेकडे. जाण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: वाटीचं ऑपरेशन तिथे होतं का, आणि तुमचं कार्ड चालतं का.

कार्ड, कागद आणि भाषा

कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएल असेल तर पॅकेज खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. तातडीची वेळ सोडली तर खासगी हॉस्पिटलात योजना लागायला सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं. बेळगावकरांसाठी म्हणजे सिव्हिलची, अर्थात बिम्सची पायरी. रेफरलचा हा वेळ ऑपरेशनच्या त्या पाच-दहा दिवसांच्या हिशेबात आधीच धरा. दुसरीकडे, २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटकाने त्याला हरकत घेतली, ते राजकारण आपल्याला नवं नाही. तुमचं गाव त्या यादीत आहे का आणि कागद कोणते लागतील, हे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारा. सांधा किंवा प्लेट पॅकेजमध्ये धरली आहे की वेगळी, हेही तिथेच, आणि शक्यतो लिहून घ्या.

एक बारीक गोष्ट. रेशन कार्डावर नाव कन्नडमध्ये, आधारवर मराठी वळणाचं, इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हेचं. आत्याच्या बाबतीत यातच अर्धा दिवस गेला. घरात म्हातारं माणूस असेल तर हे आजच जुळवून घ्या.

संमतीपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतं. समजत नसेल तर कुणाकडून वाचून, समजावून घ्या, मगच सही.

हॉस्पिटलातल्या रात्री

ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री आत्या उठून बसायला लागली. "म्हशीला पाणी दाखवलं का कुणी?" म्हैस विकून नऊ वर्षं झाली होती. आम्ही घाबरलो. हा भ्रम म्हाताऱ्या माणसांना अशा वेळी येतो आणि बहुतेक वेळा उतरतो, पण त्यामागे ताप, लघवीचा संसर्ग, कमी झालेलं सोडियम, दुखणं किंवा एखादी गोळी असू शकते. म्हणून नर्सला लगेच सांगायचं. चष्मा डोळ्यांवर, कानातलं यंत्र कानात, दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद आणि उशाशी आपल्या बोलीत बोलणारं माणूस. हात बांधून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दुखण्याचंही तसंच. नर्स कन्नडमध्ये "नोव ऐतेनरी?" म्हणजे दुखतंय का, असं विचारायची आणि आत्या दर वेळी "नाही" म्हणायची. भीड, दुसरं काय! कूस बदलताना चेहरा बघायचा, खरं उत्तर तिथे असतं. दुखणं आवरलं नाही तर माणूस खोल श्वास घेत नाही, हलत नाही, आणि पुढचं सगळं तिथूनच बिघडतं. मात्र दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून मनाने देऊ नका, त्यातल्या बऱ्याच किडनीला बाधतात.

दर दोन तासांनी कूस बदलायची, कशी ते नर्सकडून शिकून घ्या. टाचा गादीवर टेकू नयेत म्हणून पोटरीखाली घडी केलेला टॉवेल. श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं खेळणं, म्हणजे स्पायरोमीटर, जागेपणी दर तासाला. घोटे वर-खाली हलवत राहणं, तेही दर तासाला. पोटात टोचायचं गुठळ्या न होण्याचं इंजेक्शन पुष्कळदा चार-पाच आठवडे चालतं, घरी गेल्यावर कोण टोचणार ते डिस्चार्जच्या आधी ठरवा.

घरी आल्यावर

जमिनीवरची गादी, मांडी घालून बसणं आणि भारतीय संडास, तिन्ही बंद. पलंग असा की काठावर बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर येणार नाहीत. कमोडची खुर्ची मेडिकल दुकानात भाड्यानेही मिळते. कृत्रिम सांधा बसवला असेल तर खाली वाकून चप्पल काढणं आणि पायावर पाय टाकणं किती दिवस नको, ते सर्जनला नेमकं विचारा.

सगळ्यात जास्त गोंधळ भाराचा. प्लेट लावलेल्या वाटीला बहुधा सहा ते बारा आठवडे पूर्ण भार चालत नाही, पाऊल फक्त टेकवायचं. हे आत्याला काही केल्या कळेना. शेवटी फिजिओथेरपी करणारी मुलगी म्हणाली, "आजी, पायाखाली उडदाचा पापड ठेवलाय असं समजा. पाय ठेवायचा, पापड मोडायचा नाही." त्यानंतर एकदाही चुकलं नाही. क्रम असा: आधी वॉकर पुढे, मग मोडलेला पाय, मग चांगला पाय. वॉकरची उंची हात खाली सोडल्यावर मनगटाशी येईल एवढी. भार कधी वाढवायचा ते दुसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्याच्या आसपासचे एक्स-रे पाहून डॉक्टर सांगतील. बरं वाटतंय म्हणून आपणच ठरवायचं नाही.

मध्येच एका पोटरीला सूज, अचानक धाप, ताप, जखमेतून पाणी, पाऊल लोंबणं, किंवा कमी होत आलेलं जांघेतलं दुखणं पुन्हा वाढून पाय आखूड दिसणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता निघा. धाप लागली तर थेट १०८.

खाण्यात प्रथिनं कमी पडतात. किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या बाईला ५० ते ६० ग्रॅम. पेज आणि लोणच्यावर ते होत नाही. आमच्याकडे श्रावण, त्यात सोमवार-शनिवार, त्यामुळे अंडी-मासे बंद. मग हुलग्याचं कढण, मसूर, अळसंदे, दही, पनीर. नाचणी तर खानापूरची घरचीच. तिच्यात १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा आंबील रोज. भेटायला येणारे कुंदा आणतात. खाऊ द्या चमचाभर, मधुमेह नसेल तर. किडनीचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

हाड मुळात का मोडलं

उभ्या उभ्या पडून वाटी मोडली, याचा अर्थ हाडं ठिसूळ झाली आहेत. गंमत अशी की मोडलेल्यावर लाखभर खर्च होतो आणि ठिसूळपणाचं औषध डिस्चार्ज कार्डावर लिहायचं राहूनच जातं. आठवण तुम्हीच करा. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर हा आकडा −२.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, पण असं मोडल्यावर तो आकडा नसतानाही उपचार सुरू करतात. आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेट गोळी, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड, किंवा रोज टोचायचं टेरिपॅराटाइड, यातलं काय ते किडनी आणि खिसा बघून ठरतं. ॲलेंड्रोनेट उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास ताठ बसायचं. चहाबरोबर घेऊन आडवं झालं तर अन्ननलिका भाजते. जो अजून बसू शकत नाही त्याला ती नकोच.

व्हिटॅमिन डीची ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक असते. आमच्या नात्यातच एका घरी ती रोज एक दिली गेली आणि आजोबांना उलट्या, गुंगी होऊन भरती करावं लागलं. पुडीवर पेनाने वार लिहून ठेवा.

आणि ती न्हाणी. शेवाळ ब्लीचिंग पावडरने घासून काढा, दाराशी पकडायला दांडा बसवा, उंबऱ्याला पांढरा पट्टा मारा, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर दिवा ठेवा. आमच्याकडे वीज जाते, म्हणून उशाशी बॅटरीही. मोतीबिंदू राहिला असेल तर उरकून घ्या, झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्या एकदा तपासून घ्या.

वॉकरच्या पायांचे रबरी बूच दोन-तीन महिन्यांत गुळगुळीत होतात. शाबादी फरशीवर तर लवकरच. आत्या आता तो वॉकर घेऊन तुळशीपर्यंत जाते, आणि मी दर महिन्याला तो उलटा करून बूच बघतो. किंमत किरकोळ, मेडिकलमध्ये मिळतात. चारही एकदम बदलायचे.